मीटिंगच्या गावाला

वैशाखऱ्याच्या थांब्यावर आम्ही उभे होतो तेव्हा आमच्याजवळ पत्र्याची ट्रंक, एक वळकटी, स्टोव्ह आणि नव्या तांदळाचं अर्धं पोतं होतं. रेखा माझ्या कडेवर झोपली होती. घाटावरून येणारी एसटी अजून आली नव्हती, आणि पलीकडच्या चहावाल्यापासून सगळे आमच्याकडे बघत होते. बघणारच. भात झोडून झालेलं, घरात कुणी आजारी नाही, भावाभावांत भांडण नाही, आणि थोरला मुलगा बायको-पोर घेऊन निघाला शहापूरला. बरं, शहापूर म्हणजे काही मुंबई नव्हे. तिथं राहायला जायचं म्हणून आमच्या बाजूचं कुणी गाव सोडत नाही.

सासूबाई थांब्यापर्यंत आल्या. पोत्याच्या तोंडाची सुतळी त्यांनी सोडली, परत बांधली, परत सोडली. "तांदूळ सरला का ये गो," एवढंच म्हणाल्या, आणि मग रेखाच्या पायातल्या वाळ्याशी चाळा करत राहिल्या. मामंजी आले नाहीत. ते ओटीवर बसून होते. निघताना यांनी वाकून नमस्कार केला तेव्हा ते दुसरीकडे बघत म्हणाले होते, "दारूपायी गाव सोडलेली मानसं बघितली मी. दारू सोडायला गाव सोडनारा तूच पयला."

ते चिडून बोलले असते तर बरं वाटलं असतं. ते खरंच नवल केल्यासारखे बोलले. गाडी आली, पोतं टपावर चढलं, आणि टोकावडे मागे पडलं.

सुनंदा, तू आपल्या घरात धाकटी सून म्हणून आलीस ती त्याच्या पुढच्या वैशाखात. माझ्या चुलीपुढचा पाट तुला मिळाला आणि माझी गोष्टही तुला गावाच्याच तोंडून ऐकायला मिळाली. थोरलीला शहराची हौस होती, तिनंच नवऱ्याला ओढून नेलं, असं तुला सांगितलं गेलं ते मला ठाऊक आहे. सांगणाऱ्यांनी मलाही येऊन सांगितलं की तुला काय सांगितलंय. मागच्या गणपतीत भांडी घासता घासता तू विचारलंस, "बाई, तुमी परत कधी येनार? घर तुमचं पन हाय ना." मी तेव्हा राखेचा हात झटकला आणि विषय बदलला. तुझ्या प्रश्नात काही वाकडं नव्हतं, म्हणूनच उत्तर देणं जिवावर आलं. आता लिहून सांगते. तोंडानं सांगायला गेले तर मी मधेच भांडायला लागेन.

मी लग्न होऊन आले तेव्हा हे संध्याकाळी घ्यायचे. आपल्याकडे त्याला पिणं म्हणतच नाहीत. मोहाची असते, वरच्या वाडीतून येते, बाप्यामाणूस जेवायच्या आधी घेतो आणि जेवून झोपतो. माझ्या माहेरीही तसंच. पण यांचं संध्याकाळचं दुपारी आलं, दुपारचं सकाळी आलं. धसईच्या भातगिरणीवर इंजिन चालवायचं काम होतं ते एक दिवस पट्ट्यात हात जाता जाता वाचला म्हणून मालकानं काढून घेतलं. हात वाचला याचंच मला समाधान. आपल्या सासूबाईंनी अंगारे आणले. माळ घालून झाली, ती उतरवून खुंटीला लावून झाली, परत घालून झाली. आपल्या गावात माळकऱ्याला कुणी 'घे' म्हणत नाही, तेवढी एकच सोय आहे. पण दोनदा माळ उतरवलेल्या माणसाला तिसऱ्यांदा घालायला बुवासुद्धा तयार होत नाही. मग पुढे त्या सोयीचाही उपयोग राहिला नाही.

रक्ताची उलटी झाली तेव्हा मी यांना मुरबाडच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या एका सिस्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं की कल्याणला एक मीटिंग असते, तिथं सगळे दारू सोडलेलेच लोक येतात, तुझ्या माणसाला घेऊन जा. मी विचारलं, औषध किती दिवसांचं असतं. ती म्हणाली, औषध नसतं, नुसतं बसून बोलायचं. माझा विरसच झाला. बोलायला यांना कल्याणला कशाला न्यायचं, प्यायल्यावर वैशाखऱ्याच्या थांब्यावर उभे राहून हे घाटाच्या पायथ्यापर्यंत ऐकू जाईल इतकं बोलायचे. आणि मीटिंग म्हटल्यावर मला आठवली ती निवडणुकीच्या आधी देवळात होते ती. खुर्च्या, हार, आश्वासनं. तरी गेले. दुसरं काही उरलंच नव्हतं.

मुरबाडहून जीपनं कल्याण. शाळेचा एक वर्ग, संध्याकाळची वेळ. मला बाहेर बसायला सांगितलं, कारण आत फक्त पिणारे, म्हणजे पिणं सोडलेले किंवा सोडू बघणारे. मी पायरीवर बसून वाट पाहिली. आतून ओरडणं येईल, रडणं येईल, असं वाटलं होतं. आलं ते हसणं. दारुडे दारू न पिता हसताहेत हे मी पहिल्यांदा ऐकलं. हे बाहेर आले तेव्हा चेहरा पाणी मारल्यासारखा होता. काय झालं विचारलं तर म्हणाले, आतलं बाहेर सांगायचं नसतं.

तोवर शेवटची एसटी चुकली होती. ती मीटिंग संपायच्या आधीच सुटते. त्या रात्री आम्ही स्टँडवरच टेकलो. पुढच्या वेळी हे एकटे गेले आणि स्टँडवर झोपले, त्याच्या पुढच्या वेळीही. पाऊस सुरू झाला तरी जात राहिले. भाताची आवणी करायची, चिखलाचे पाय धुवायचे, मुरबाड गाठायचं, जीप पकडायची, आणि दुसऱ्या दिवशी परत येऊन आवणीला उभं राहायचं. गाव म्हणायला लागलं की याचं कल्याणला काहीतरी लफडं आहे. मी म्हटलं, असू दे. बाई असली तरी चालेल मला, बाटली नको. सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी उठून चुलीपुढं गेले.

पूर्ण पावसाळा यांनी घेतली नाही. दसऱ्यालाही नाही. मग भात खळ्यावर आला.

आपल्या घरची रीत तू बघितली आहेस, आता तुझा नवरा करतो. रास लागली की कोंबडं, नारळ, आणि राशीभोवती बाटलीतली धार. उरलेलं पळसाच्या पानात आधी थोरल्या मुलानं घ्यायचं. त्यानं घेतल्याशिवाय झोडणीला आलेल्या कुणीही तोंडाला लावायचं नाही. हे पान हातात घेऊन उभे राहिले. दिवसभर राबलेले लोक समोर थांबलेले. कुणी जबरदस्ती केली नाही, उगाच कुणाला दोष देत नाही मी. सगळे नुसते थांबले होते. यांनी पान मामंजींच्या पुढं केलं, ते म्हणाले, माझं नाय ते, तुझं हाय. सासूबाई म्हणाल्या, "नावाला वठ लाव रे. देवाचं हाय, ती काय दारू नाय." आणि आम्हा कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. देवाचं ते देवाचं. यांनाही तसंच वाटलं, म्हणून तर ओठ लावले.

त्यानंतर कल्याण बंद झालं. दिवसच्या दिवस गेले ते मी सांगत बसत नाही. अंगणात पडलेलं माणूस तू तुझ्या माहेरी पाहिलं असशील, सगळीकडे सारखंच दिसतं.

एक दिवस दुपारी थांब्यावर एक अनोळखी माणूस उतरला आणि विचारत विचारत आपल्या अंगणात आला. पन्नाशीचा, डोक्याला टक्कल, पायात रबरी चपला. वसंतराव त्यांचं नाव. शहापूरला सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि कल्याणच्या मीटिंगला तेही यायचे. हे येईनासे झाले म्हणून शोधत आले होते. इतकी वर्षं यांच्याबरोबर पिणारे शेकड्यानं होते, पण हे दिसले नाहीत म्हणून दोन एसट्या बदलून आलेला हा पहिला माणूस. त्यांनी उपदेश केला नाही. चहा घेतला, आपण स्वतः कितीदा सोडली आणि कितीदा धरली ते हसत सांगितलं. यांनी विचारलं, मग आता मी काय करू? तेव्हा ते म्हणाले, "मीटिंगपासून चालत घरी जाता येईल एवढ्यावर राहायला या. बाकी मला काही कळत नाही. शहापुरात आमची आठवड्यातून तीनदा असते."

त्या रात्री यांनी मला विचारलं. घराचं, शेताचं, आईबापाचं सगळं मोजून झालं आणि शेवटी म्हणाले, "हितं सगले माझेच हायत. म्हनून हितं नाय सुटायची." मी हो म्हटलं. हौस कसली आलीय, सुनंदा. माझ्या सगळ्या चुलतजावा, सगळ्या मैत्रिणी, मी लावलेली शेवग्याची झाडं त्या गावात होती.

शहापुरात बाजारपेठेच्या मागच्या चाळीत एक खोली मिळाली. यांना आसनगावला पाइपच्या गोडाऊनमध्ये माल चढवायचं काम लागलं. सोमवार, बुधवार, शनिवार मीटिंग. ही बाकीच्यांना साधी गोष्ट वाटेल, पण माझ्या नवऱ्याला एसटी न पकडता मीटिंगला जाता येत होतं. वसंतराव दुकान बंद करून सायकल हातात धरून चाळीच्या तोंडाशी उभे राहायचे आणि दोघं चालत जायचे. तेवढ्यानं यांची दारू थांबली. खोटं सांगत नाही. काही पोटात घेतलं नाही, कसला होम केला नाही.

यांना माणसं मिळाली आणि माझी गेली, हे मात्र मी त्या वेळी कुणाला बोलून दाखवलं नाही. चाळीत नळावर बायका विचारायच्या, गाव का सोडलं हो? मी म्हणायचे, कामासाठी. त्या म्हणायच्या, शेती असून? मी कळशी उचलायचे. काय सांगणार होते? दारूसाठी म्हटलं तर त्या दुसऱ्या दिवसापासून यांच्या चालण्याकडे बघणार, आणि दारू सोडण्यासाठी म्हटलं तर हसणार. वैशाखऱ्याला विहिरीवर गेलं की माझ्या आयुष्यातलं मला सांगावंच लागत नसे, सगळ्यांना आधीच माहीत असायचं. तेव्हा त्याचा राग यायचा. इथं कुणालाच काही माहीत नव्हतं, आणि त्यापायी दिवस इतका लांब व्हायचा की दुपारी रेखाला झोपवून मी दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपला बघायचे.

हे घरी यायचे ते नवे शब्द घेऊन. ग्रुप, शेअरिंग, स्लिप. परत प्याला की स्लिप. दारुड्याला तिथं मद्यपी म्हणतात, असं म्हटलं की कसा सरकारी नोकरीत असल्यासारखा वाटतो. मी एकदा तसं म्हटलं तर हे पोट धरून हसले. पण आत काय बोलता विचारलं की ओठ मिटायचे, तो त्यांचा नियम. मला हेवा वाटायचा, सुनंदा. लग्नाला एवढी वर्षं झाली, वांत्या मी काढल्या, चिखलातून मी उचललं, आणि मनातलं काय आहे ते कुणाला कळतंय तर एक सायकलवाला, एक बँकेतला शिपाई आणि कुणीतरी रिटायर झालेला मास्तर. एकदा तर मी फणकाऱ्यानं म्हटलं, प्यायचात तेव्हा निदान शिव्या तरी मला द्यायचात. नंतर मला त्या बोलण्याचं हसूही आलं आणि रडूही.

घरच्यांसाठीही वेगळी मीटिंग असते, बायकांची, पण ती कल्याणला. वसंतरावांच्या बायकोनं, सुधाताईंनी, मला आग्रह करून नेलं. सगळ्या आपापलं बोलत होत्या, शहरातल्या होत्या, नीट बोलत होत्या. माझी पाळी आली आणि माझी वाचाच बसली. मी! तुला पटायचं नाही. परत येताना सुधाताई म्हणाल्या, होईल सवय. मी नंतर गेले नाही. रेखा लहान होती असं कारण सांगितलं, पण माझं दुखणं बोलायला मला माझीच भाषा हवी होती आणि ती बोलणारं तिथं कुणी नव्हतं.

आता तुला एक सांगते, ते बरीच वर्षं सांगायचं राहिलं आहे. भाऊजींच्या हळदीला आम्ही दुपारी आलो आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेलो. सख्ख्या धाकट्या भावाची हळद. लग्नाला दुसऱ्या दिवशी परस्पर तुझ्या गावी उगवलो. केवढा हा ताठा, असं सगळे म्हणाले, तूही मनात म्हणाली असशील. हळदीच्या रात्री आपल्याकडे काय असतं ते तुला सांगायला नको. यांनी वसंतरावांना विचारलं होतं, ते म्हणाले, उजेड आहे तोवर थांबा. म्हणून उजेड होता तोवर थांबलो. गाडीत बसलो आणि मागं मांडवात बँडवाल्यांनी पहिली धून धरली. माझे हात कोपरापर्यंत पिवळे. सगळ्या बायका नाचायला उतरल्या असतील आणि मी सरळगावच्या पुढं किन्हवलीच्या रस्त्याला खिडकीशी बसून हात पदराखाली लपवत होते, कारण समोरच्या बाईनं विचारलं असतं, कुणाची हळद, आणि मग तुम्ही परत कुठं निघालात? मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. हे शेजारीच होते, पण त्यांनाही तेच वाटत असणार, म्हणून त्यांचा काही उपयोग नव्हता.

असंच होत गेलं मग. सणाला यायचं ते पाहुण्यासारखं, उन्हं कलायच्या आत निघायचं. 'शहापूरवाले आले' असं ओटीवरून कुणीतरी म्हणायचं. सासूबाई गेल्या तेव्हाही आम्ही तिन्हीसांजेला निघालो. मामंजी ओटीवरून एकदाही म्हणाले नाहीत की राहा. यांना खळ्यावर त्यांनी परत बोलावलं नाही. तो मान तुझ्या नवऱ्याकडे गेला आणि यांनी तो मुकाट्यानं जाऊ दिला. शहापूरला मात्र यांना मान होता. नवा कुणी थरथरत्या हातांचा आला की वसंतराव त्याला यांच्या शेजारी बसवत.

वसंतरावांचा मुलगा नाशिकला होता, त्यांचे गुडघे गेले तसा तो त्यांना घेऊन गेला. जायच्या आधी त्यांनी आणि यांनी मिळून मुरबाडला शनिवारची मीटिंग सुरू केली. कल्पना यांची. आपल्या पट्ट्यातल्या माणसाला कल्याणला जाऊन स्टँडवर झोपायला लागू नये, एवढंच. शाळेचा एक वर्ग मिळाला. दवाखान्यात सांगून ठेवलं, स्टँडवर सांगून ठेवलं. पहिल्या काही शनिवारी दोघंतिघं आले, नंतर गळाले. वसंतराव नाशिकला गेल्यावर तर पुष्कळदा कुणीच येत नसे. शहापूरचे म्हणायचे, सोड रे तिथलं, आपल्याकडं ये. हे शनिवारी दुपारी शहापूरहून किन्हवलीमार्गे मुरबाडला जायचे, वर्ग उघडायचे, बसायचे, बंद करून परत यायचे. रेखाला शेजारी ठेवून मीही बरोबर जायला लागले, कारण एकटा माणूस रिकाम्या वर्गातून परत येतो तेव्हा त्याचा चेहरा मला बघवत नव्हता. मी व्हरांड्यात बसायचे. आत जायचा मला हक्क नव्हता, मी कधी प्याले नव्हते. वसंतराव यांना एकच गोष्ट सारखी सांगून गेले होते की एकट्यानं राहू नकोस, एकट्याची सुटत नाही. आणि त्या वर्गात हे दर शनिवारी एकटेच असत.

मामंजींचं बारावं शनिवारी आलं. तू होतीसच. थोरला म्हणून यांनी पान वाढलं. मामंजींना आवडायचं ते सगळं पानावर, कोळंबी, तांदळाची भाकरी, आणि पेला. पेला यांनाच भरायला लागला. मी दारातून बघत होते. बाटली कलंडली आणि थोडी यांच्या बोटांवर सांडली. यांनी बोटं धोतराला पुसली, पुसतच राहिले. मग पुरुषांची पंगत बसली, बाटल्या निघाल्या, चुलते म्हणाले, बापाच्या नावानं तरी. हे उठून मागच्या अंगणात गेले, मला म्हणाले, "चल. आज शनवार हाय." बापाच्या बाराव्याला भरल्या पंगतीतून थोरला मुलगा उठून गेला. चुलत्यांनी तोंड सोडलं, भाऊजी थांब्यापर्यंत आले आणि परत फिरले. तू पिशवीत भाकऱ्या घातल्यास आणि काही विचारलं नाहीस, ते मी विसरणार नाही. आम्ही कुठं गेलो ते तुम्हाला कुणालाच कळलं नाही. तेच सांगायला बसले आहे.

गाडीत हे सारखी बोटं हुंगत होते. त्यांना कळत नव्हतं आपण काय करतोय ते. मला कळत होतं. इतकी वर्षं झाली होती, तरी मुरबाडच्या स्टँडवर उतरल्यावर कोपऱ्यावरच्या दारूच्या दुकानाकडे त्यांनी बघितलं, आणि मी त्यांच्याकडे बघितलं, आणि आम्ही पुढं चालू लागलो.

यांनी वर्ग उघडला. लहान मुलांची बुटकी बाकं, त्यातली काही गोल करून मांडली. मी बाहेर पायरीवर बसले. देवाला म्हटलं, आज एक तरी पाठव, कसाही, पिऊन आलेला पाठव. कुणी आलं नाही. वेळ झाली तशी यांनी आत उभं राहून सुरुवातीचं जे वाचायचं असतं ते वाचलं, मोठ्यानं, समोर माणसं असल्यासारखं. मग खाली बसले. आपलं नाव सांगितलं आणि आपण मद्यपी आहोत असं सांगितलं. आणि थांबले.

तिथं थांबायचं असतं. मी शहापूरला यांनी दारू सोडल्याला वर्ष झालं त्या कार्यक्रमात, जिथं घरच्यांनाही बोलावतात, ते पाहिलं होतं. माणूस नाव सांगतो आणि सगळी खोली त्याचं नाव घेऊन त्याला नमस्कार म्हणते. मग तो बोलायला लागतो. एरवी रिकाम्या वर्गात हे थोडं थांबून आपले आपण पुढे जायचे. त्या दिवशी गेले नाहीत. मी वाट बघितली. बाहेर रस्त्यावरून जीपवाल्यांचं 'कल्याण, कल्याण' ऐकू येत होतं. आतून काहीच नाही. मग बाक सरकल्याचा आवाज आला. हे उठले होते. त्या घडीला ते दारातून बाहेर आले असते तर कुठल्या बाजूला वळले असते, ते मला विचारू नकोस.

आत जायचा मला हक्क नव्हता, पण खिडकी व्हरांड्यातच उघडत होती. सुनंदा, नवऱ्याचं नाव मी लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. रेशनच्या दुकानात नाव विचारलं तर मी रेखाला पुढं करायचे. मी गज धरले आणि घरात हाक मारावी तेवढ्या आवाजात म्हटलं, "नमस्कार, काळूराम."

आत पाऊल थांबलं. मग बाकावर बसल्याचा आवाज आला, आणि शहापूरला कुणालाही म्हणतात तसं हे म्हणाले, "नमस्कार." आणि पुढे, "आज माझ्या बापाचं बारावं व्हतं."

पुढचं मी ऐकलं नाही. मी व्हरांड्याच्या पार टोकाला जाऊन बसले, जिथं आवाज येतो पण शब्द लागत नाहीत. पुष्कळ वेळ आवाज येत होता. मध्ये बराच वेळ रडणं होतं. तुझ्या भाकऱ्या आम्ही परतीच्या गाडीत खाल्ल्या.

तेव्हा तू विचारलंस त्याचं उत्तर हे असं आहे. आम्ही परत येणार नाही. सणाला येऊ, उजेड असेतो थांबू, आणि तू ओटीवरून 'शहापूरवाले आले' म्हणालीस तरी मला आता लागणार नाही. वैशाखऱ्याचं घर तुझं, ते नीट सांभाळ. शहापूरची खोलीही मला अजून माझी वाटत नाही, नळावरच्या बायकांना मी अजून कामासाठीच आलो म्हणून सांगते. शनिवारी मात्र मुरबाडला त्या व्हरांड्यात बसलं की मला कुठं जायची घाई वाटत नाही. अधूनमधून कुणी येतं, एखादा पुन्हा येतो, बरेच येत नाहीत. कुणी आलं तर मी टोकाला जाऊन बसते. कुणी आलं नाही तर आधी त्यांचं नाव घेते आणि मग जाऊन बसते.